देवरे साहेब पोहे खात नाहीत

गोरक्ष देवरेने आयुष्यात जितके पोहे खाल्ले, तितके नाशिक जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या बिनलग्नाच्या माणसाने खाल्ले नसतील. आणि गंमत अशी, की त्यातले मुलगी बघायला गेल्यावरचे जेमतेम पाच-सहा घरचे. बाकी सगळे घर बघायला गेल्यावरचे.

घर बघणं हे त्याचं कामच. कोणी बँकेकडे कर्ज मागितलं की ज्या घरावर कर्ज द्यायचं त्याची खरी किंमत काय, हे बँकेला कोणातरी त्रयस्थ माणसाकडून लिहून हवं असतं. त्याला म्हणतात व्हॅल्युएशन. लिहून देणारे होते बागूल साहेब. सही त्यांची, शिक्का त्यांचा. पण उन्हातान्हात फिरून भिंती मोजणारा, कोपऱ्यातली ओल हुंगणारा, शिडीवरून गच्चीवर चढून टाकी बघणारा आणि ऑफिसात येऊन सगळं टाइप करणारा होता गोरक्ष. कळवणकडच्या खेड्यातला, शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर, चाळिशी ओलांडून बराच पुढे आलेला. डोक्यावर केस बेताचे, पण शर्टाची इस्त्री अशी कडक की बघणाऱ्याला वाटावं, आज हा कुठेतरी बोलणी करायला निघालाय.

लोक या माणसाची वाट बघतात तशी जावयाचीही बघत नाहीत. सकाळपासून जिना धुतला जातो. भिंतीला तडा असेल तर त्यावर देवाचं कॅलेंडर येतं. गळक्या नळाला फडकं गुंडाळून पुढे बादली सरकवली जाते. घरातली बाई ठेवणीतली साडी नेसते, आणि साहेबांनी बूट काढले की आतून पोह्यांची बशी येते. वर शेव, कोथिंबीर, लिंबाची फोड. घर दाखवणं आणि मुलगी दाखवणं यात आपल्या लोकांना फार फरक वाटत नाही. येणाऱ्याने खोड काढू नये, एवढीच दोन्हीकडची इच्छा.

गोरक्ष खोड काढायचा. कॅलेंडर उचलून तडा बघायचा, फोटो घ्यायचा आणि कॅलेंडर पुन्हा सरळ लटकवायचा. पण मग बसायचा. रिपोर्टात लिहायला काही गोष्टी विचाराव्या लागतात: किती वर्षं राहता, शेजारी कोण, पाणी किती वेळ येतं. लोक पाण्यापासून सुरू होऊन लेकीच्या सासूपर्यंत पोचत. म्हसरूळचं कोणाचं पोरगं बारावीला बसलंय, जेल रोडच्या कोणत्या काकूंचा गुडघा बदललाय, सगळं गोरक्षला ठाऊक. हातातली बशी रिकामी झाली तरी तो ती खाली ठेवायचा नाही. ठेवली की उठावं लागतं ना.

तो अर्धा तास हेच त्याचं नातेवाइकांकडे जाणं-येणं.

कारण नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, त्याच्या स्वतःच्या वन बीएचकेत त्याला बस म्हणणारं कोणी नव्हतं. संध्याकाळी मेसचा डबा यायचा. कळवणहून थोरला भाऊ खंडेराव बाजाराच्या दिवशी फोन करायचा आणि अहिराणीत एकच प्रश्न विचारायचा, "जेवना का रे?" हा म्हणायचा, "जेवलो." त्यावर दोघांनाही पुढे काही सुचायचं नाही. खाली चौकात ट्रकचे हॉर्न आणि ट्रॅव्हल्सवाल्यांचा पुणे-पुणे, शिर्डी-शिर्डी असा पुकारा चालू असायचा. गोरक्ष खिडकीत उभा राहून ऐकायचा. एवढे लोक कुठे ना कुठे निघालेले.

बिल्डिंगमध्ये त्याच्याबद्दल बरंच काही बोललं जायचं. पहिल्या मजल्यावरच्या पल्लवीवहिनींचं म्हणणं, इतकी कडक इस्त्री माणूस स्वतःसाठी करत नाही. पण त्याला घरात मात्र कोणी बोलवायचं नाही. आकस नव्हता, भीती होती. हा आत आला की बाथरूमच्या भिंतीवरची ओल बघणार आणि घराची किंमत मनातल्या मनात दोन लाखांनी खाली आणणार, असं सगळ्यांना वाटायचं. त्यामुळे गोरक्षशी बिल्डिंगचा सगळा व्यवहार उंबऱ्यावरचा.

मग बागूल साहेबांनी बंगळुरूला मुलीकडे कायमचं जायचं ठरवलं. बँकेने तर आधीच कळवलं होतं, यापुढे रिपोर्टवर सही चालेल ती सरकारी नोंदणी असलेल्या व्हॅल्युअरचीच. ती नोंदणी मिळवायची तर आधी पन्नास तासांचं प्रशिक्षण, मग कॉम्प्युटरवर परीक्षा, आणि चुकलेल्या उत्तराला वर मार्क कापले जाणार.

"बस परीक्षेला," बागूल साहेब म्हणाले. "नाहीतर माझ्यामागे तुला दुसऱ्या कोणाच्या हाताखाली टेप धरावी लागेल."

"साहेब, या वयात?"

"या वयात लोक लग्नं करतात. तुला नुसती परीक्षाच द्यायला सांगतोय."

प्रशिक्षण ऑनलाइन होतं, शनिवार-रविवारी. आणि पहिल्याच शनिवारी बिल्डिंगमध्ये बातमी पसरली की देवरेंच्या घरातून सकाळी बाईचा आवाज येतोय. चांगला हसरा, मोकळा आवाज. मधूनच ती "देवरे सर, ऐकताय ना?" असं म्हणते, हेही पल्लवीवहिनींनी जिन्यात थांबून ऐकलं. दुसऱ्या शनिवारीही तेच. शेवटी तळमजल्यावरच्या कुसाबाईला रिकामी वाटी घेऊन वर पाठवण्यात आलं. जो माणूस घरात स्वयंपाकच करत नाही त्याच्याकडे विरजण मागायला पाठवतोय, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

गोरक्षने दार उघडलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी. मागे टेबलावर लॅपटॉप, आणि त्यात चष्मा लावलेल्या, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, शिकवणाऱ्या स्नेहल मॅडम जमिनीचे दर कसे काढायचे ते समजावत होत्या.

"विरजण?" गोरक्ष म्हणाला. "नाही हो कुसाबाई. पण या ना, बसा."

कुसाबाई बसली नाही. तिला खाली जाऊन सांगायची घाई होती. तिच्या तोंडून "बाई मशीनमधली हाये" हे ऐकल्यावर जिन्यात जमलेल्या मंडळींचा असा काही हिरमोड झाला की विचारू नका. इकडे गोरक्ष दार लावायला जरा रेंगाळला. या म्हटल्यावर कोणी येईल, असं त्याला क्षणभर वाटून गेलं होतं.

प्रशिक्षणात तो हुशार ठरला. जमीन, बांधकाम, घसारा, भाडं, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. नवीन होता तो एक धडा: व्हॅल्युअरने कसं वागावं. त्यात एक कलम होतं. आपल्या निष्पक्षपणाला बाधा येईल अशी भेट किंवा आदरातिथ्य व्हॅल्युअरने स्वीकारू नये.

वर्गातली तरुण मंडळी हसली. पडद्यावरच्या एका चौकोनातून मयूर नावाचा पोरगा म्हणाला, "मॅडम, चहा चालेल का?"

"चहाने कोणाची किंमत वाढते का, मयूर?"

"माझी वाढते मॅडम."

सगळे पुन्हा हसले. गोरक्षने माइक चालू केला. "मॅडम, आणि पाणी?"

"पाणी प्या हो देवरे सर," मॅडम हसू आवरत म्हणाल्या. "नियमाचा अर्थ समजून घ्या. तुमच्या आकड्यावर परिणाम होता कामा नये, एवढंच."

एवढंच म्हणून मॅडम पुढच्या पानावर गेल्या. गोरक्ष मात्र तिथेच थांबला. आकड्यावर परिणाम झाला नव्हता, हे तो छातीठोकपणे सांगू शकेल का? पेठ रोडच्या त्या घरात, जिथल्या म्हातारीने त्याला स्वतःच्या हाताने लिंबू पिळून दिलं होतं, तिथल्या बांधकामाचं वय त्याने थोडं कमी तर धरलं नव्हतं? आठवेना. ज्या घरी कोणी बसही म्हणालं नाही, त्या घरांना तो जरा कडक तर वागला नसेल? तेही आठवेना. पोहे खाऊन हात न डगमगलेला माणूस असल्याचा त्याला अभिमान होता, पण पोहे न खाता मोजलेलं घर त्याच्याकडे तुलनेला जवळपास नव्हतंच.

तो पास झाला. नोंदणी आली, स्वतःच्या नावाचा शिक्का आला. पेढ्यांचा बॉक्स घेऊन तो बिल्डिंगभर फिरला. सगळ्यांनी दारातच पेढा घेतला, दारातच "वा, आता साहेब झालात" म्हणाले, आणि हळूच दार लावलं. आता तर तो सरकारमान्य होता. ओल बघितली असती तर ती कागदोपत्री पक्की झाली असती.

आणि ज्या दिवशी शिक्का हातात आला, त्या दिवसापासून गोरक्ष देवरेने दुसऱ्याच्या घरी काहीही खाणं-पिणं बंद केलं. मॅडमनी पाण्याला परवानगी दिली होती, तरी तो पाण्याची बाटली स्वतःची नेऊ लागला.

नाशिककरांना हे झेपलं नाही. पाथर्डी फाट्याला शेखर नावाच्या एका गृहस्थाचा फ्लॅट बघायला तो गेला. शेखरच्या बायकोने बशी पुढे केली. गोरक्ष म्हणाला, "नको, वहिनी. नियम आहे." त्याने मोजलं, फोटो काढले, उभ्याउभ्या प्रश्न विचारले आणि बूट घालायला लागला. आत नवरा-बायकोत कुजबूज झाली. शेखर जिन्यापर्यंत मागे आला, आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, पोहे नाही तर नाही. मग काय लागेल, तेवढं सांगा."

गोरक्षच्या कानाची पाळी लाल झाली. "काही नाही लागत."

"तसं सगळेच म्हणतात आधी."

वीस वर्षं ज्या बशीने त्याला घरातला केला होता, ती नाकारल्यावर तो लाचखाऊ दिसायला लागला. पुढच्या घरी एका बाईने तो काही खात नाही म्हणून घरात मोठा दोष निघाला असावा असं धरून डोळ्याला पदर लावला. बातमी पसरायला वेळ लागत नाही. महिन्याभरात एजंट मंडळी आधीच सांगायला लागली, देवरे साहेब पोहे खात नाहीत, त्यांच्यासाठी काही करू नका. मग लोक करेनासे झाले. दार उघडायचं, साहेबांना मोजू द्यायचं, आणि आपण मोबाइल बघत उभं राहायचं. पाणी किती वेळ येतं विचारलं तर "येतं की" एवढंच उत्तर. लेकीच्या सासूपर्यंत कोणीही पोचेना.

रिपोर्ट मात्र झकास होऊ लागले. बँकेच्या शाखेतल्या हर्षाली मॅडम त्याला तीन महिने अजमावून बघत होत्या. चांगलं काम केलं तर बँकेच्या कायमच्या यादीत नाव घालणार होत्या. त्यांनी फोनवर सांगितलं, "देवरे सर, तुमच्याबद्दल एकही तक्रार नाही." संध्याकाळी गोरक्षने ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा ऐकून बघितलं. तक्रार करायलाही माणसाशी थोडी ओळख लागते.

अशात देवळाली कॅम्पची एक फाइल आली. लॅम रोडच्या आतल्या गल्लीतलं बसकं, कौलारू घर. मालकीण नवसाबाई, नवरा लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. घर विकलं गेलं होतं. घेणाऱ्याला कर्ज हवं होतं, म्हणून बँकेने गोरक्षला धाडलं.

नवसाबाईला एजंटाचा निरोप पोचलेला नव्हता. गोरक्ष अंगणात शिरला तेव्हा फोडणीचा वास बाहेरपर्यंत आला होता. ओट्यावर दोन बशा पुसून ठेवलेल्या, एक त्याची आणि एक तिची.

"या साहेब. बसा."

"मावशी, मी खात नाही काही. नियम आहे आमचा."

"कसला नियम?"

"घराची किंमत लिहायची असते ना. मालकाचं खाल्लं तर हात सैल होतो."

म्हातारी हसली. समोरचे दोन दात नव्हते. "सैल हू द्या नाय तं आवळू द्या. भाव तं ठरला. इसार पोरानं घेतला. तुम्ही काय लिवाल त्यानं माझं काय व्हणार हाय?"

गोरक्षने लेझर मीटर काढलं.

"पुण्याला नेतोय पोरगा," ती म्हणाली. "चांगला हाय. सून बी चांगली. पण तिथं जो यील तो त्यांचा पाव्हणा. माझ्याकडं म्हणून कोण येनार? म्हनलं बँकेचा मानूस येतोय, माझ्या घरी माझा शेवटचा पाव्हणा. सकाळी पोहे आनले वाण्याकडून." तिने बशी सरकवली, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून परत मागे घेतली. "ऱ्हाऊ द्या मग. तुमची नोकरी हाय."

गोरक्ष भिंतीकडे मीटर धरून उभा होता. लाल ठिपका कॅलेंडरवर पडला होता. आकडा आला होता, पण त्याने तो लिहिला नाही. तो अंगणात गेला आणि शाखेत हर्षाली मॅडमना फोन लावला.

"मॅडम, देवळालीची फाइल मला परत करायची आहे."

"का? जागेत लफडं आहे का काही?"

"नाही. माझे संबंध आहेत. अशा वेळी आपण बाजूला व्हायचं असतं."

"नातेवाईक आहेत तुमच्या?"

गोरक्षने दारातून आत, ओट्यावरच्या दोन बशांकडे बघितलं.

"देवरे सर, कारण लिहावं लागेल मला. पहिल्या तीन महिन्यांत फाइल परत, हे वर बरं दिसत नाही. यादीचं ठरतंय याच महिन्यात, माहितीये ना?"

"माहितीये."

"मग काय लिहू?"

"लिहा, देवरे पाहुणे म्हणून आलेत."

"मी ओळखीचं घर म्हणून लिहिते," हर्षाली मॅडम म्हणाल्या. "उद्या दुसरे सर येतील. यादीचं आता बघू, मी काही शब्द देत नाही."

गोरक्ष आत आला, बूट काढले, मीटर बॅगेत टाकलं, बॅग दाराबाहेर ठेवली आणि पाटावर बसला.

"मोजायचं ना?" नवसाबाईने विचारलं.

"नाही मावशी. उद्या दुसरे येतील मोजायला."

"मंग तुमी?"

"मी असाच आलोय."

तिला ते फारसं कळलं नाही, पण बशी पुढे आली. पोहे जरा कोरडे झाले होते, मिरची मात्र मनापासून घातली होती. गोरक्ष खात राहिला. तिसऱ्या घासाला त्याच्या नाकातून पाणी आलं आणि ते मिरचीचं आहे असं दोघांनीही धरलं.

"घरात काय खोट निघाली का, म्हून नाय मोजत?"

"घर चांगलं आहे."

परवान्याचा माणूस असं वाक्य तोंडी कधी बोलत नाही. पण या घरापुरता तो आता परवान्याचा माणूस नव्हता.

मग ती विचारायला लागली. कुठलं गाव. आई-बाप. जमीन कोण बघतं. गोरक्ष एका-एका शब्दात उत्तरं देत होता. इतकी वर्षं प्रश्न त्याच्याकडे असायचे, उत्तरं लोकांकडे.

"बायको काय करती?"

"लग्न झालं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्या बशीत आणखी शेव टाकली.

त्यानंतर मात्र बोलणं संपलं. गोरक्षला काहीतरी विचारायचं होतं आणि सुचत नव्हतं. पाणी किती वेळ येतं, शेजारी कोण, छत कधी बदललं, हे सोडून माणसाशी काय बोलायचं ते त्याला आठवेना. मीटर, रिपोर्ट, रकाने, सगळं दाराबाहेर ठेवून आल्यावर त्याच्याजवळ एक रिकामी बशी तेवढी उरली होती. नवसाबाईलाही सवय नव्हती. तिने पदराने गुडघा पुसला, मग टीव्ही लावला.

कालच्या मालिकेचा भाग पुन्हा लागला होता. जरीची साडी नेसलेली एक बाई मोठ्या जिन्यावर उभी राहून रडत होती. दोघं बघू लागले.

"ही थोरली सून," नवसाबाई म्हणाली. "घराबाहेर काढलं तिला."

"किती वर्षं राहतेय इथे?" गोरक्षने विचारलं.

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. गोरक्षलाही हसू आलं. जिना बघा म्हणाली ती, केवढा मोठा. तो म्हणाला, सेटचा आहे, प्लायवूडचा. खरं का, म्हणाली. जाहिराती लागल्या, संपल्या, सुनेला परत घरात घेतलं. बाहेरून कॅम्पकडे जाणारी एसटी गेली तेव्हा ओट्यावरची भांडी किणकिणली.

तो उठला तेव्हा ती दारापर्यंत आली. त्याने बूट घातले, बॅग खांद्याला अडकवली. ती सवयीने म्हणाली, "परत या हं." म्हणून झाल्यावर तिचा हात चौकटीवर तसाच राहिला. आठवड्याने या घराला दुसरं कुलूप लागणार होतं, आणि पुण्याचा पत्ता तिला पाठ नव्हता.

"येईन," गोरक्ष म्हणाला. तोही सवयीनेच.